झिजायचं कुणी?

'आपोआप' ह्या शब्दाइतका सोयीचा शब्द मराठीत दुसरा नसेल. आमच्या घरात कप आपोआप फुटतो, दूध आपोआप उतू जातं, कात्री आपोआप नाहीशी होते आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण आपोआप उघडं राहतं. ह्यांतलं काही कुणी केलं, असं आमच्या घराण्याच्या इतिहासात घडलेलं नाही. मराठी व्याकरणही ह्या बाबतीत मोठं दयाळू आहे. 'मी कप फोडला' असं म्हणायची गरजच नाही. 'कप फुटला' म्हटलं की भागतं. कर्ता गुलदस्त्यात राहतो आणि तुकडे केरात जातात.

त्यामुळे माझ्या मेहुण्यानं गिअर आपोआप बदलणारी मोटार घेतली तेव्हा मला आनंद झाला. आपोआप होणाऱ्या गोष्टींत निदान एका उपयोगी गोष्टीची भर पडली. क्लच नाही, म्हणजे डावा पाय त्या दिवसापासून सेवानिवृत्त! पण मनुष्यस्वभावाला औषध नाही. जास्तीचे पैसे मोजून जी गाडी स्वतः गिअर बदलते म्हणून घेतली, तिच्यात तिसऱ्या दिवसापासून मेहुणे आपल्या हातानं गिअर बदलू लागले. त्या गाडीच्या दांड्याला 'डी'च्या शेजारी एक खाच आहे. तिकडं दांडा सरकवला, की पुढंमागं ढकलून अधिक-उणे करता येतं. स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि तिला बाजूला सारून फोडणी मात्र आपण घालायची, त्यातलाच हा प्रकार.

हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना समजलं आणि त्यांचा चेहरा कुणाच्या तरी घरी गंभीर दुखणं असल्यासारखा झाला.

"सांगा तुमच्या मेहुण्यांना, गिअरबॉक्स झिजेल! यंत्र आपलं आपण करतंय, त्यात हात घालू नये."

त्यांच्याकडंही तसलीच गाडी आहे. पण ती झिजू नये म्हणून ते भाजीला पायी जातात. गाडी दसऱ्याला झेंडूची माळ घालण्यापुरती उघडी होते. एरवी वर्षभर कापडी आच्छादनाखाली समाधी लावून बसलेली असते.

आता हा प्रश्न वरकरणी मेस्त्रीचा दिसतो, पण आहे तत्त्वज्ञाचा. जे आपलं आपण चाललंय त्यात माणसानं हात घालावा का? आणि घातला तर होणारी झीज कुणाच्या खात्यावर मांडायची?

इतिहास बघावा तर तोही गमतीचा आहे. जनरल मोटर्सनं १९३९ साली 'हायड्रामॅटिक' नावाचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी बाजारात आणला. माणसाची गिअरच्या कटकटीतून सुटका झाली म्हणून जाहिराती झाल्या. पुढं ५० वर्षं इंजिनिअर मंडळी ही सुटका अधिकाधिक सुबक करत राहिली. आणि १९८९ साली पोर्शे कंपनीनं 'टिपट्रॉनिक' नावाखाली, पाहिजे तर गिअर तुमचे तुम्ही बदला, असा दांडा परत हातात दिला. जे माणसाकडून काढून घेतलं तेच ५० वर्षांनी नवी सोय म्हणून त्याला विकलं. ह्याला प्रगती म्हणतात.

वाद मिटेना तेव्हा मी गॅरेजवाल्या मेस्त्रींना गाठलं. मेस्त्रींच्या बोटांच्या रेषांत काळं तेल कायमचं वस्तीला आहे, त्यामुळे त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसतो.

"साहेब, तो दांडा गिअर टाकत नाही," ते म्हणाले. "तो नुसता अर्ज करतो. मंजूर करायचा का नाही, ते आतला कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे नामंजूरही होतो?"

"मग! शंभरच्या स्पीडला पहिला मागून बघा. बसा बोंबलत! इंजिन फाटंल असलं काही मागितलं, तर तो देतच नाही."

सरकारी कचेरीत उभी हयात काढलेल्या मला ही यंत्रणा लगेच समजली. पुढचं मेस्त्रींनी चहाच्या ग्लासांवर समजावलं. ह्या गिअरबॉक्सात चाकांचे दात कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. कुणी कुणावर आपटत नाही. कुठलं चाक धरायचं आणि कुठलं सोडायचं, हे क्लचच्या चकत्या करतात. तेलाचा दाब आला की चकत्या आवळतात, दाब गेला की सुटतात. गिअर तुम्ही मागा नाहीतर गाडी आपणहून बदलो, चकत्या त्याच आणि तेलही तेच.

"म्हणजे झीज होत नाही म्हणा की!"

"होती की! चकती आधी घसरती, मग धरती. घसरल्याबिगर धरणार कशी? पण शहरात गाडी दिवसभरात शेकड्यानं गिअर बदलती, त्याची कुणी चौकशी करत नाही. तुम्ही हातानं चार बदलले की लगेच पंचनामा! गाडी पुरती थांबायच्या आत रिव्हर्स टाकणं, सारखं तापवणं आणि वर्षानुवर्षं तेच जुनं तेल, ह्यांनी गिअरबॉक्स मरतो. दांड्यानं नाही मरत."

जाता जाता मेस्त्रींनी गाड्यांच्या जातीही सांगितल्या. एका जातीत पट्टा आणि दोन पुल्या असतात. तिच्यात पायऱ्या-पायऱ्यांचे गिअर नसतातच. तरी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी समोरच्या काचेवर तीन, चार, पाच असे आकडे दाखवतात. म्हणजे मालकानं मोठ्या ऐटीत जो 'चौथा' टाकला, तो मुळी जन्मालाच आलेला नसतो. दुसऱ्या जातीत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात. आपल्याकडं २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ही जात मध्यमवर्गाच्या दारी आली. हिला चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरलं, की क्लच जळतो. तिथं दांडा निर्दोष आणि ब्रेकवर पाय न ठेवणारा मालक दोषी.

एवढ्यावर वाद संपायला हरकत नव्हती. पण पुढं आम्ही सगळे कोकणात कुलदैवताला निघालो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडं आंबेनळी घाट उतरताना मेहुण्यांनी दांडा खाचेत घातला आणि दुसऱ्या गिअरवर गाडी धरून ठेवली. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे एसटीच्या ड्रायव्हरांचं जुनं शास्त्र. इंजिन घुरघुरत होतं. परतल्यावर हे ऐकून इंजिनिअरसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, ब्रेकची लायनिंग काही हजारांत येते. गिअरबॉक्सला लाखाच्या वर पडतात. झिजवायचाच तर स्वस्त भाग झिजवावा! साधा हिशोब आहे."

हिशोब साधा होता खरा, आणि त्यामुळेच मला त्यानं रात्रभर जागं ठेवलं. कागदावर मांडून बघितलं. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी बाराशे मीटर खाली येते, तेव्हा सुमारे ५ युनिट विजेइतकी शक्ती कुठंतरी मुरवावी लागते. पन्नास-पंचावन्न लिटर पाण्याला आधण येईल एवढी ही उष्णता. थोडी वारा खातो, थोडी रस्ता खातो. उरलेली कुणीतरी सोसायचीच असते. सगळी ब्रेकवर टाकली तर लायनिंग तापते, पकड सुटत जाते, ब्रेकचं तेल उकळलं तर पेडल पोकळ जातं. आणि मग स्वस्त भाग वाचवलेल्या महाग भागांना घेऊनच दरीत जातो. इंजिनानं वाटा उचलला तर ते हवा ओढत, दाबत गाडीला मागं धरतं आणि ब्रेकला अधूनमधून श्वास घेता येतो.

म्हणजे 'झीज होते का?' हा प्रश्नच कामाचा नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर असे भेद केले आहेत. आपला गिअरबॉक्स अक्षर आहे असा दावा अद्याप एकाही कंपनीनं केलेला नाही. वॉरंटी कार्ड हे संपूर्ण क्षरवादी वाङ्मय आहे. झीज व्हायचीच. प्रश्न असा, की घाटाचा भार कुणाकुणात वाटायचा? आणि हा 'स्वस्त भाग' स्वस्त आहे, हे ठरवलं कुणी?

एका निवृत्तीच्या समारंभाला मी गेलो होतो. सत्कारमूर्ती कचेरीसाठी ३५ वर्षं चंदनासारखे झिजले, असं सात वक्त्यांनी सांगितलं. सत्कारमूर्तींच्या चेहऱ्यावर झिजल्याची एकही खूण नव्हती. शालीत ते अतिशय टवटवीत दिसत होते. शेजारी त्यांच्या पत्नी नारळ सांभाळत बसल्या होत्या. मला उगाच आमच्या देवघरातली सहाण आठवली. चंदन झिजतं हे सगळे सांगतात, पण रोज घासून घासून दगडाच्या सहाणेलाही मध्ये खळगा पडतो, हे कुणाच्या भाषणात येत नाही. चंदनाचा निदान वास तरी येतो.

माझी एक आत्या होती. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. चौदा माणसांच्या त्या घरात उतार आला की भार तिच्यावर. कुणाचं बाळंतपण, कुणाचं विषमज्वराचं दुखणं, कुणाच्या परीक्षेचे डबे, "आत्याला सांगा." तिला पगार नव्हता, रजा नव्हती, तिचा वेगळा संसार नव्हता, म्हणजे सगळ्यांच्या हिशोबी ती घरातला सर्वांत स्वस्त भाग. बाकीचे गिअरबॉक्स अगदी कोरे राहिले. ती गेली तेव्हा दहाव्याला जमलेले सगळे हळहळले, "आत्या चंदनासारखी झिजली हो!"

मी तेव्हा शाळकरी होतो, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. आज वाटतं, ह्या वाक्यालाही त्या कपासारखाच कर्ता नाही. 'कप फुटला', 'आत्या झिजली'. 'आम्ही तिला झिजवलं' असं त्या वीस-पंचवीस माणसांत एकानंही म्हटलं नाही. व्याकरण दयाळू आहे म्हणतात ते असं.

ह्यावर उपाय म्हणून हल्ली आपण दुसऱ्या टोकाला जातो. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करतात आणि गच्चीवरच्या कुंड्यांतली फुलं आणायला दोन मजले चढतात. मेहुण्यांना हे बघवत नाही.

"आई, तू बस ना गं स्वस्थ! बाई आहे, किटली आहे, सगळं आपोआप होतंय. गुडघे झिजतील अशानं."

गिअरबॉक्सच्या बाबतीत झीज न मानणारा हा मनुष्य आईच्या गुडघ्यांच्या बाबतीत थेट वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर होतो! सासूबाईंनी चहा गाळता गाळता उत्तर दिलं.

"अरे, तुझ्या गाडीतही सगळं आपोआप होतं ना? तरी दांडा धरतोसच की तू! मग माझा दांडा कशाला काढून घेतोस?"

मेहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी चहाकडं बघितलं.

सासूबाईंच्या बाजूनं शरीरशास्त्रही उभं आहे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातूनच तिचं पोषण होतं, आणि हालचालीनं दाब पडतो, सुटतो, तेव्हा हा द्रव तिच्यात खेळता राहतो. चकती नुसती झिजते. जिवंत माणूस बेतानं वापरला तर थोडा झिजतो आणि थोडा भरूनही येतो. पण खरं सांगायचं तर सासूबाईंचा मुद्दा गुडघ्यांचा नव्हताच. उरलेली झीज कशावर खर्च करायची, हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं. त्यांनी ती चहावर आणि जास्वंदीवर खर्च करायचं ठरवलं आहे. आत्याला असं ठरवायला कुणी दिलं नाही. दोघींचेही गुडघे झिजलेले, पण ह्या दोन झिजेत मला घाटाएवढं अंतर दिसतं.

मेहुण्यांनी पुढच्या आठवड्यात जिन्याला कठडा बसवून घेतला आणि फुलांबद्दल बोलणं सोडलं. गाडीचा दांडा ते घाटात खाचेत घालतात, शहरात 'डी'वर सोडून देतात, आणि मेस्त्रींकडं वेळेवर तेल बदलून घेतात.

वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांना मात्र परवा अचानक इस्पितळात कुणाला तरी भेटायला जायचं होतं. आच्छादन काढलं, किल्ली फिरवली, गाडी हूं का चूं करीना. बॉनेट उघडलं तर दोन वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. मेस्त्री आले, त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "काय केलंत हो साहेब?"

"मी कुठं काय केलं?" इंजिनिअरसाहेब दुखावून म्हणाले. "हात नाही लावला! बॅटरी आपोआप उतरली."