तिच्या चुकीवर तुझी सुट्टी?

मोबाईल खाली ठेव. तुझ्या बायकोचे मेसेज मला वाचायचे नाहीत. दुर्गदबैलात एवढं कापडाचं दुकान चालवतोस, आणि हुबळीहून बस पकडून धारवाडला आलास ते एका बाईच्या खासगी गप्पा मला दाखवायला? म्हणे, "बाई, तुम्ही दोघांना ओळखता, मध्यस्थी करा." मध्यस्थी म्हणजे काय, तर ती बेळगावला माहेरी गेली आहे, तिथे तिने पोटगीचा अर्ज टाकलाय, तो मी तिला मागे घ्यायला सांगायचा. का? तर तिने तोंड काळं केलं. तुझं बोलून झालं ना? आता ऐक.

"त्या माणसाला आत घालतो" ही भाषा आधी बंद कर. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला घटनाबाह्य ठरवलं. ते होतं तेव्हासुद्धा बायकोला शिक्षा नव्हतीच. नागरिकशास्त्राच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचास, ते आज अंगाशी येतंय.

घटस्फोट माग. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे कारण आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून एक प्रसंग सिद्ध झाला तरी पुरतो. पण घटस्फोटाला जे पुरतं ते पोटगी बंद करायला पुरतं, हे तुला कुणी सांगितलं? पोटगीचं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५, आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १४४. त्यात बायकोचा हक्क जातो तो ती व्यभिचारात राहत असेल तर. म्हणजे संबंध चालू हवा. कधीतरी पाय घसरला एवढ्याने तो जात नाही, हे न्यायालयांनी वर्षानुवर्षं सांगितलंय. आणि ते सिद्ध करायचं तू. तीन वर्षांपूर्वीचे चार मेसेज आणि एक हॉटेलचं बिल घेऊन न्यायाधीशांसमोर उभा राहणार आहेस काय?

सगळं तिच्याच बाजूचं आहे असं मी म्हणत नाही. व्यभिचार सिद्ध होऊन घटस्फोट झालेल्या एका सांगलीकडच्या बाईची पोटगी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली ठरलेली रक्कमसुद्धा अशा कारणाने कमी करता येते, रद्द करता येते. पण ते न्यायालय करतं, पुरावा तपासून. तू काय केलंस? स्वतःच निकाल दिलास आणि सात महिने एक पैसा पाठवला नाहीस.

हे भांडण तुझ्या पिढीने काढलेलं नाही. आपलं धारवाड १९५६ पर्यंत मुंबईलाच जोडलेलं होतं. त्या मुंबई उच्च न्यायालयापुढे १८७७ मध्ये होन्नम्मा नावाच्या विधवेचं प्रकरण आलं. नावावरूनच बाई कानडी मुलखातली. ती पुढे वाईट चालीची निघाली तरी पोटापुरतं तिला मिळालंच पाहिजे, असं तेव्हा न्यायालय म्हणालं. आणि काही वर्षांतच त्याच न्यायालयाने मत फिरवलं. दीडशे वर्षं शहाणीसुरती माणसं यावर डोकं झिजवताहेत, आणि तू दुकानाच्या गल्ल्यावर बसून सोक्षमोक्ष लावलास.

हे झालं बायकोचं. आता मुलीचं. इथे मला तुझा खरा राग आलाय.

सात वर्षांची पोर. तिची शाळेची फी तू थांबवलीस, आणि वर म्हणतोस, "डीएनए करून घेऊ, आधी माझी आहे का ते बघू." ती झाली तेव्हा पेढे वाटत मीच आले होते का दारोदार? लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, हे कायद्याचं गृहीतक आहे. ते मोडायचं तर त्या काळात तुम्ही एकमेकांजवळ येणं शक्यच नव्हतं हे दाखवावं लागतं. तुम्ही तर एकाच खोलीत राहत होतात. पुण्याच्या एका नवऱ्याने हाच डाव टाकला होता, बायकोचं लफडं सिद्ध करायला धाकट्या मुलाची डीएनए चाचणी मागितली. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने हो म्हटलं, मुंबई उच्च न्यायालयानेही मान डोलावली. २० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम पुसून टाकले. तो निकाल देणाऱ्यांत आपल्या कर्नाटकच्या न्यायमूर्ती नागरत्ना होत्या. नवराबायकोच्या भांडणात मुलाला पुरावा म्हणून टेबलावर मांडायचं नाही, असा त्याचा अर्थ. तुझी ही घाणेरडी शंका बाजूला ठेव. कलम १४४ तर औरस आणि अनौरस असा भेदच करत नाही. बापाने दोघांनाही पोसायचं.

आईचं वागणं कसंही असो, मुलीच्या वाट्यातला एक रुपयाही त्यापायी कापता येत नाही. तुझ्या मित्राने सुचवलेली ती 'म्युच्युअल'ची पळवाटही तशीच. एकरकमी देऊन संमतीने वेगळे झालात आणि तिने 'मला काही नको' असं लिहून दिलं, तरी मुलीचा हक्क आईला सोडून देता येत नाही. तो मुलीचा आहे.

दुकान भावाच्या नावावर केलंस म्हणे. मान खाली घालू नकोस, इकडे बघ. नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलंय की दोघांनीही मिळकत आणि देणी शपथपत्रावर उघड करायची. खोटं लिहिलंस तर त्याचा वेगळा खटला. आणि पोटगी लागते ती अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे तू तारखा जेवढ्या लांबवशील तेवढी थकबाकी चढेल. कमाई नाही म्हणशील? धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करूनही बायकापोरं सांभाळायची, हे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ऐकवलंय. नाही भरलंस तर वॉरंट निघतं, थकलेल्या एकेका महिन्यामागे महिनाभरापर्यंत आत बसवतात. आणि आत बसून आलास म्हणून देणं फिटत नाही.

आता ज्यावर तू एक शब्द काढला नाहीस ते. केशवापूरला कुणाच्या घराचं भाडं तू भरतोस, ते हुबळीत सगळ्यांना ठाऊक आहे, धारवाडलाही पोचलंय. "ती स्वतःहून घर सोडून गेली, म्हणून पोटगी नाही," असं तुझ्या जबाबात आहे ना? नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असेल तर त्याच्याकडे न नांदायला बायकोला ते कारण पुरतं, हे पोटगीच्या त्याच कलम १४४ मध्ये लिहिलंय. तिचं सिद्ध झालं तर तिचा हक्क जाईल. तुझं सिद्ध झालं तरी तुझी जबाबदारी तसूभर कमी होत नाही, उलट तुझाच मुद्दा कोसळतो. तुझ्या वकिलाला हे सांगितलंयस का, का त्यालाही अर्धंच सांगितलंस?

बेळगावला फोन मी करेन, पण अर्ज मागे घे असं सांगायला नाही. तुम्हा दोघांचं जे व्हायचं ते कौटुंबिक न्यायालयात होऊ दे, नाही पटलं तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे धारवाडलाच आहे. त्याला वर्षं लागतील. शाळा तेवढी थांबणार नाही, फी या आठवड्यात गेली पाहिजे. आणि ते शपथपत्र भरशील तेव्हा महिन्याच्या खर्चात केशवापूरचं भाडं आधी लिही, त्याच्या खाली मुलीला सात महिन्यांत काय पाठवलंस ते लिही, आणि तो कागद वकिलाकडे जाण्याआधी मला आणून दाखव.