शिंक, श्वास आणि तवक्कुल



शिंक आली की प्रेषित मुहम्मद (स.) हाताने किंवा वस्त्राने चेहरा झाकत व आवाज आवरत, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात. आपण मुलांना हे केवळ अदब म्हणून शिकवतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मशिदीतील एक वयोवृद्ध नमाजी सतत खोकत होते. थंडीमुळे खिडक्या बंद असत. मी विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, “मौलाना, अल्लाहच्या हुकमाशिवाय रोग लागत नाही.” मी गप्प राहिलो. पुढे निदान झाले, क्षयरोग. माझे ते मौन अजूनही मला टोचते, कारण उत्तर मला ठाऊक होते.

‘संसर्ग नाही’ ही हदीस खरी आहे. पण कुष्ठरोग्यापासून सिंहापासून पळावे तसे दूर राहा, हा आदेशही त्याच पवित्र मुखातून आलेला आहे. उलेमांनी दोहोंचा मेळ असा घातला की, रोग स्वतःच्या सामर्थ्याने पसरत नाही. अल्लाहने ठेवलेल्या कारणांनी पसरतो. कारण नाकारणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

इब्ने सीनासारखे हकीम ग्रीक परंपरेला अनुसरून साथीचे मूळ दूषित हवेत शोधत. 1348 च्या सुमारास अंदलुसात प्लेग आला, तेव्हा ग्रॅनडाच्या इब्नुल खतीब यांनी पाहिले की रोग्यात मिसळणारे आजारी पडतात, अलग राहणारे वाचतात. कपडे व भांडीही रोग नेतात. त्यांनी निर्भीडपणे लिहिले की, वचनाचा वरवरचा अर्थ प्रत्यक्ष अनुभवाविरुद्ध जात असेल, तर त्याचा अन्वय लावलाच पाहिजे. (प्लेगमधला पिसवांचा वाटा त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता.)

हट्ट केवळ मौलवींचाच असतो, असे मात्र समजू नका. 1882 मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. जंतू सापडू लागल्यावर ‘दूषित हवा’ हा जुना भ्रम ठरला आणि त्या भ्रमासोबत हवेतून होणारा प्रसारही बराच काळ दुर्लक्षिला गेला. मार्च 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असे जाहीर केले. पुढे तिला ते बदलावे लागले.

ते बुजुर्ग आता औषधे घेत आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली की ते सफेत परततील. तोवर घरची नमाज ही त्यांची सवलत आहे, शिक्षा नव्हे. हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. खिडक्यांचे कमिटीशी बोलणे अजून बाकी आहे.