शनिवारची दिवाळी

माझी धाकटी बहीण परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याला दिली आहे. हे वाक्य आमच्या आईने गोंदियाच्या बाजारात इतक्या वेळा ऐकवलं, की भाजीवालीसुद्धा "पोरगी सध्या कोन्या देशात?" असं विचारून मगच वांगी तोलायची. पण २००५ साली गणपतीच्या सुमारास बहिणीचा व्हिएन्नाहून फोन आला आणि ती म्हणाली, "दादा, यंदा तू इकडे ये. आमची दिवाळी पाच नोव्हेंबरला, शनिवारी आहे," तेव्हा हा जावई करण्यात आपलं काही चुकलं तर नाही ना, अशी मला पहिल्यांदाच शंका आली. कारण समोर भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यात लक्ष्मीपूजन मंगळवारी, एक नोव्हेंबरला होतं.

"तिथं मंगळवारी अमावस्या नसते काय?" मी विचारलं.

"अमावस्या असते रे. पाहुणे नसतात."

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "शनिवारी भरवायला दिवारी म्हंजे का बाजार हाय?"

मी मास्तर माणूस. जन्म हजेरीपटात गेला. जन्मतारीख, परीक्षा आणि सण या तीन गोष्टी सोयीप्रमाणे मागेपुढे करणारा मनुष्य हळूहळू वाममार्गाला लागतो, असं माझं ठाम मत होतं. (पहिलीत नावं घालताना अर्ध्या गावाची जन्मतारीख एक जुलै मीच लिहिली आहे, पण ते सरकारी काम.) तेव्हा बहिणीला धर्माची वाट दाखवावी, जमल्यास युरोपही बघावा, अशा दुहेरी हेतूने मी जायचं ठरवलं.

आईने अनारसे करायला घेतले. ते माझ्या बॅगेत चुरा होतील, त्यापेक्षा जावईबापूंच्या सरकारी थैलीतून पाठवावेत, असं तिच्या मनात आलं. या थैलीची कीर्ती तिने बहिणीकडूनच ऐकली होती. १९६१ साली याच व्हिएन्नात देशोदेशींच्या सरकारांनी मिळून वकिलातींचा करार केला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे ही थैली कुणी उघडायची नाही आणि कुणी अडवायची नाही. मात्र आत फक्त खात्याचे कागद आणि सरकारी वापराच्या वस्तू हव्यात. जावईबापूंनी हे फोनवर अतिशय अदबीने समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे अनारसे कोनाला द्याचे? पाहुन्याले. पाहुने कोनाचे? सरकारचे. मंग अनारसे सरकारी नाईत तं कोनाचे?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग जावईबापू म्हणाले, "आई, तुम्हाला आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं. पण अनारसे दादांच्या बॅगेतूनच येऊ द्या."

ते माझ्या बॅगेतूनच गेले, आणि थोडेच चुरले.

व्हिएन्नात पोचलो तर बहीण मंगळवारी निदान घरापुरती पूजा करणार आहे, एवढं समाधान मिळालं. पणत्या मात्र नव्हत्या. त्या आदल्या बदलीच्या गावाहून निघालेल्या पेटाऱ्यात होत्या आणि पेटारा कुठल्यातरी बंदरात दिवाळी करत होता. "मी आणतो," म्हणून मी बाहेर पडलो. पाहतो तर काय, कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने दिवे! लाल नळकांडं, आत मेण, वर जाळीचं झाकण. वाऱ्याने विझायची सोय नाही. परक्या मुलखात आपल्या सणाची एवढी आस्था पाहून मला गहिवरून आलं. चोवीस दिवे घेतले आणि मंगळवारी तिन्हीसांजेला सगळी बाल्कनी लाल करून टाकली.

अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरच्या आजीबाई आल्या. हातात एक पांढरं फूल होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, खाली मान घालून काहीतरी पुटपुटल्या आणि डोळे पुसत निघून गेल्या. बहीण भिंतीला टेकून हसत होती. एक नोव्हेंबर हा त्या लोकांचा सर्व संतांचा दिवस. त्या दिवशी तिथे सुट्टी असते, सारं गाव कबरस्तानात जातं आणि आपापल्या माणसांच्या थडग्यांवर नेमके हेच दिवे लावतं. एका घरासमोर चोवीस दिवे म्हणजे आमचं अख्खं कुटुंब गेलं असावं, असा आजीबाईंचा समज झाला होता.

मी ते दिवे विझवायला निघालो. बहीण म्हणाली, "राहू दे दादा. परवा धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमाला दिवा लावलाच ना आपण?" याच्यावर मास्तरकीत उत्तर नव्हतं. दिवे रात्रभर जळले.

भाऊबीजेच्या दिवशी मात्र मी चिडलो. जावईबापूंच्या कार्यालयाकडे कुठलंसं शिष्टमंडळ येणार होतं आणि रात्री त्यांच्यासोबत जेवायला बहिणीलाही जाणं भाग होतं. "ओवाळणं शनिवारीच करू, पाहुण्यांनाही बघायला मिळेल," असं ती सकाळी सहज म्हणाली. म्हणजे मी भाऊ नव्हे, नमुना! मी काही बोललो नाही. संध्याकाळी तोंड फुगवून टीव्हीपुढे बसलो. भाषा कळत नसल्यामुळे टीव्ही रागावून बघायला सोपा जातो.

थोड्या वेळाने बाल्कनीचं दार वाजलं. पाहतो तर बहीण जायची नवी साडी नेसून, हातात ताट घेऊन कठड्याशी उभी. निरांजन लावलेलं, सुपारी, अक्षता. बाहेर ढग इतके, की चंद्र नावालाही नव्हता. ती त्या ढगांना ओवाळत होती. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळायचं, ही आपली जुनी रीत. लग्न होऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत भाऊबीजेला मी कधी तिच्यासमोर नव्हतो. चार देशांत, चार तऱ्हेच्या आकाशांत तिने माझ्यासाठी चंद्र शोधला होता. इतकी सवय झालेली, की खरा भाऊ आत टीव्हीपुढे बसलाय हे ती विसरून गेली होती.

"अगं, मी आहे की!" मी ओरडलो.

ती दचकून वळली. मग आम्ही दोघं हसलो, आणि नंतर जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिष्टमंडळाच्या जेवणाला ती वीस मिनिटं उशिरा पोचली, एवढं नोंदवतो.

शनिवारी चाळीसेक पाहुणे आले. मला पाटावर बसवून पुन्हा ओवाळलं. जावईबापूंनी इंग्रजीत माहिती दिली आणि मी नमुना म्हणून बरा वठलो. अनारसे पहिल्या दहा मिनिटांत संपले. त्या लोकांच्या भाकरीत, मिठाईत, जिथेतिथे खसखस असते. एका बाईंनी अनारशावरची खसखस ओळखली आणि त्या हर्षभरित होऊन साऱ्यांना दाखवत सुटल्या. आईचा मुद्दा खरा ठरला. अनारसे सरकारी कामाला आले.

पण माझा मूळ प्रश्न तसाच होता. शनिवारी केलेली दिवाळी खरी की खोटी?

परत आल्यावर मी पंचांग घेऊन बसलो. सणाची तिथी त्या त्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्तावर ठरते, आणि त्या दिवसांत व्हिएन्नात सूर्य गोंदियापेक्षा सुमारे पाच तास उशिरा उगवतो. म्हणजे बहिणीने गोंदियाची तिथी पाळावी हा माझा आग्रह शास्त्रालाही धरून नव्हता. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते राहू दे. आपली मंडई बुधवारी हाय, पाहुने येतीन. गाद्या काढ."

आणि मी गादी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते; दिवसा बाजार, रात्रभर नाटक नाहीतर दंडार. या गावची बुधवारी, तर शेजारची शुक्रवारी. दोन्हीकडचे पाहुणे तेच, म्हणून तारखा एकमेकींवर पडू नयेत असं गावकरी आधीच ठरवून घेतात. आमच्या घरच्या सासुरवाशिणी पन्नास वर्षं भाऊबीजेऐवजी मंडईलाच येत आल्या आणि तेव्हाच ओवाळत आल्या. पाहुण्यांच्या सोयीने दिवाळी! हजेरीपटात याची नोंद मी कधीच घेतली नव्हती.

इथे मी हा विषय मिटवणार होतो. पण गोठणगावने मिटू दिला नाही. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. (तेव्हा जिल्हा भंडारा, गोंदिया वेगळा झाला १९९९ साली.) हिवाळ्यात ही मंडळी शहरोशहरी स्वेटर विकायला जातात आणि लोसरला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरी येतात. त्यांच्यातले एक जुने स्नेही मला लोसरला बोलावतात. २००६ सालचं लोसर फेब्रुवारीच्या शेवटी आलं. आपल्याकडे तेव्हा दुपारी छत्री लागते. हे गृहस्थ पायघोळ लोकरी अंगरखा घालून घामाघूम बसले होते. हिवाळाभर लोकांना ऊब विकली आणि स्वतः उन्हात लोकर घालून बसले! समोर खापसे होते. खापसे म्हणजे पिठाचे तळलेले वेटोळे. चव थेट आपल्या शंकरपाळ्याच्या कुळातली.

मी त्यांना व्हिएन्नाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "तुम्हीही डिसेंबरात करा की लोसर. थंडी असते, अंगरखा शोभेल."

ते हसले. आमच्याच बोलीत म्हणाले, "गुरुजी, तुमची बहीन घरी वापस येनार हाय ना? मंग ती शनिवारी करो, नाईतर रविवारी करो. आमची तारीख हलवली तं मंग आमच्याजवळ राह्यलं काय?"

आणि माझ्या ताटात आणखी एक खापसे ठेवला. मी आयुष्यात गोंदियाबाहेर फार तर महिनाभर राहिलेला माणूस. तिथीचा सगळ्यात कडक हिशेब मात्र माझ्याकडे! खापसे मुकाट्याने खाल्ला.

आता आई नाही. जावईबापू निवृत्त होऊन नागपूरला स्थायिक झाले. नागपूर गाडीने दोन-अडीच तासांवर. गेल्या वर्षी भाऊबीजेला बहिणीचा फोन आला, "दादा, आज नाही जमत, नातवंडं आलीत. मंडईला येते." मी म्हटलं, "ये." हल्ली मी एवढंच म्हणतो.

संध्याकाळी पुन्हा फोन. "दादा, गच्चीवर जा. चंद्र दिसतो का बघ."

गेलो. चिंचेच्या झाडामागे बारीकशी कोर होती. "दिसतो," म्हटलं.

"मग तिथंच थांब. ताट घेऊन येते."

मी मान वर करून बराच वेळ उभा राहिलो. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, पतंग अडकली का?" तेवढ्यात कानातल्या फोनवर आवाज आला, "झालं रे. ओवाळणी बुधवारी आण, विसरू नको."