एकाच सुईवर

एकाला दिले तेवढेच दुसऱ्याला दिले म्हणजे न्याय झाला, असे आपण घराघरांतून मानतो. आम्हीही मानीत होतो. गेल्या पावसाळ्यात एक साधी शाल विणावयास घेतली आणि या समजुतीला धक्का बसला.

लोकर दोन प्रकारची होती, दोन्ही हातकताईची. एक सातारा जिल्ह्यातील धनगरवस्तीवरून आणलेली, दख्खनी मेंढीची, काळी, जाड आणि राठ. घोंगडी होते ती हिचीच. दुसरी कुलूकडची, पांढरी, मऊ, बारीक. नमुन्यासाठी दोन्हींचे तीस-तीस टाके घातले, सुई एकच ठेवली. बारीक सुईवर पांढरी पट्टी सुरेख उतरली. काळी मात्र पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. उसवून जाड सुई घेतली. आता काळी मोकळी झाली, अंगावर घ्यावीशी वाटली. पण पांढरीची जाळी झाली. हातकताईची एकेरी लोकर पुन्हा पुन्हा उसवताही येत नाही. पीळ सुटतो, धागा विरळ होऊन तुटतो.

विणता विणता घर आठवले. आमच्या दोन्ही मुलांना आम्ही एकच शाळा, अभ्यासाचे तेच तास, चुकीला तीच शिक्षा दिली, आणि त्याचा अभिमान बाळगला. थोरला त्या शिस्तीत खुलला. धाकटा अबोल झाला. तो मुळातच ताठर आहे, असे आम्ही पाहुण्यांना वीस वर्षे सांगत आलो. सुई आम्ही निवडली होती, हे कधी मनात आले नाही.

मग ज्याचे त्याला निराळे माप लावावे काय? येथेही भय आहेच. याकोबाने योसेफासाठी निराळा झगा केला आणि भावांच्या मनात विष कालवले गेले. निराळे माप आणि झुकते माप यांतला फरक देणाऱ्याला दिसतो, घेणाऱ्यांना दिसेलच असे नाही. द्राक्षमळ्याच्या धन्याने सर्वांना एकच दिनार दिला, तरीही कुरकुर झालीच.

शालीपुरता मार्ग निघाला. पांढरी लोकर दुहेरी घेतली, मधल्या जाडीची सुई धरली आणि दोन-दोन ओळींचे पट्टे सुलट टाक्यांनी विणले. काळे पट्टे अजून किंचित ताठ आहेत.

शाल धाकट्यासाठी आहे. नाताळला तो घरी येईल तेव्हा द्यावयाची आहे. देताना काय बोलावे, ते अद्याप ठरत नाही.