धुकं कशाचं?

नोकरी सोडून मित्रासोबत स्टार्टअप सुरू केला, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं डोकं चालेनासं झालं. कोडच्या दहा ओळी वाचेपर्यंत पहिली विसरायचो. झोप वाढवली, कॉफी कमी केली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. धुकं मात्र तसंच.

२००९ साली सोफी लेरॉय या संशोधिकेने ‘अटेन्शन रेसिड्यू’ ही कल्पना मांडली. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो, की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. हे वाचून मी स्वतःला विचारलं, माझं अर्धवट काम कोणतं?

ते कोडमध्ये नव्हतं. आमच्याकडे दोनच महिन्यांच्या पगाराचे पैसे उरले होते आणि आमच्या एकुलत्या एका कर्मचाऱ्याला मी ते सांगितलं नव्हतं. त्याने नुकतंच नव्या घराचं डिपॉझिट भरलं होतं. एखाद्या गोष्टीकडे बघायचंच नाही असं ठरवलं, की मनाला तिच्यावर सतत पहारा द्यावा लागतो. पहाऱ्यावरच्या मनाला दुसरं काय सुचणार?

शेवटी त्याला चहाला नेऊन सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “डिपॉझिट भरायच्या आधी का नाही सांगितलंस?”

त्या रात्री माझं डोकं मोकळं झालं. त्याची झोप उडाली असणार. आता वाटतं, खरं बोलायचं ते आपलं लक्ष लागावं म्हणून नव्हे. समोरच्याला त्याचे निर्णय वेळेत घेता यावेत म्हणून.