शंकासमाधान : बायबल उघडतो ते फक्त संदेशासाठी

शंका : मी शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला सेवा करतो. शहापूर-मुरबाड मिळून सात पाडे माझ्याकडे आहेत, विश्वासी बहुतेक ठाकूर आणि कातकरी. सकाळी मोटरसायकल काढली की रात्रीच घर दिसते. कुणाला उल्हासनगरला दवाखान्यात न्यायचे असते, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला काढायचा असतो, संध्याकाळी घरसभा. गेली दोन वर्षे बायबल उघडतो ते फक्त संदेश तयार करायला. लोकांसाठी तासभर प्रार्थना होते, एकट्याने गुडघे टेकले की दोन मिनिटांत शब्द संपतात. परवा पत्नीने विचारले, घरची प्रार्थना शेवटची कधी झाली? मला आठवेना. एक ज्येष्ठ सेवक म्हणाले, हा सैतानाचा हल्ला आहे, तीन दिवस उपास करा आणि सभा वाढवा. मला तर दोन पाडे सोडावेसे वाटतात. तो अपराध होईल का?

समाधान : भाऊ, सभा वाढवू नका. हे आधी सांगतो, बाकीचे मग.

मार्था आणि मरीयेची गोष्ट तुम्हीच कितीदा सांगितली असेल, ती मी काढत नाही. मला या बाबतीत पंडिता रमाबाईंचा आधार वाटतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. विधवा मुलींचा सांभाळ, त्यांचे शिक्षण, वरून पुणेकरांचा रोष. एवढ्या धबडग्यात, बाप्तिस्म्याला आठेक वर्षे झाल्यावर, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहून ठेवले. त्या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र आले होते. हा माणूस आधीपासून पाळकपण करत होता, आणि त्याला स्वतःचे तारण उमगले ते स्वतःच्याच उपदेशपीठावर, संदेश देता देता. तेव्हा तुमची अवस्था नवीन नाही आणि लाजिरवाणीही नाही. आणि रमाबाईंनी सदन बंद केले नाही, हेही लक्षात ठेवा.

उपासाचे म्हणाल तर १ राजे १९ पुन्हा वाचा, पण या वेळी संदेशासाठी नको. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपास सांगितला नाही. भाजलेली भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. होरेबचा डोंगर त्यानंतर आला. थकलेल्या माणसाला उपाशी ठेवून वर विश्वास कमी म्हणायचे, ही रीत आपल्यात कुठून शिरली?

मला ठाऊक आहे कुठून, आणि ते बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. शहरातून पाहुणे येतात. पहिला प्रश्न, किती पाडे? दुसरा, किती जीव? मग फोटो, मग अहवाल. सेवकाची झोप किती होते, त्याच्या घरात पीठ आहे का, हे कुणी विचारत नाही. आकडा घटला की मदत घटते, म्हणून सेवक आठवा पाडा धरतो.

मुरबाडकडच्या एका पाड्यावर मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्वतःला ‘अभिषिक्त’ म्हणवत तेलाची बाटली घेऊन आलेल्या एका वक्त्याच्या दानाच्या पाकिटासाठी कातकरी बाईने अंड्यावर बसलेली कोंबडी विकली. त्याने पाकीट घेतले, गाडीत बसला. भगताला कोंबडे द्यायचे बंद झाले म्हणून ज्या घराने आनंद केला होता, त्याच घरातली ती कोंबडी. त्या दिवसापासून ‘अभिषिक्त’ हा शब्द माझ्या कानाला बोचतो. त्या घरी वर्षभर जाणारा, पोर तापले की रात्री गाडी काढणारा सेवक तुमच्यासारखा असतो, आणि तोच स्वतःला कोरडा म्हणून दोष देत बसतो.

आता तुमच्या पाड्यांविषयी. सोडू नका, सोपवा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा, तेव्हा इथ्रोने सासऱ्याच्या अधिकाराने त्याला सांगितले की हे चांगले नाही, तूही झिजशील आणि लोकही. प्रत्येक पाड्यावर वाचता येणारे एखादे पोर आहे, गाणे येणारी बाई आहे. दोन घरसभा त्यांच्या हाती द्या. चुकतील, चुकू द्या. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, तेव्हा भट्ट्यांमागे धावण्याऐवजी या दोघातिघांना शिकवा.

रविवार तुमचा कामाचा दिवस आहे, म्हणून सोमवार विसाव्याचा धरा आणि लोकांना तसे सांगून टाका. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या मंडळीत मागच्या सतरंजीवर बसून ऐका. रोज असा एखादा भाग वाचा ज्यावर तुम्ही कधी बोलणार नाही. भातसा आणि तानसा तुमच्याच तालुक्यात भरतात, पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तिथलेच पाडे टँकरची वाट बघतात. तिथे पाण्याची कमी नाही, वाडीकडे पाइप टाकलेला नाही. तुमच्या कोरडेपणाचेही तसेच आहे : वचन रोज तुमच्या हातून लोकांकडे जाते, तुमच्याकडे वळवलेले नाही.

आणि पहिली प्रार्थना आजच, पत्नीबरोबर. दोन मिनिटांची झाली तरी चालेल.

शंका : मी टोकावड्याकडची. उन्हाळ्यात चारलाच पाण्याला जावे लागते, पहाटेची प्रार्थना चुकते. आमच्याकडे तिची हजेरी घेतात. हंडा डोक्यावर असताना केलेली प्रार्थना पोचते का?

समाधान : पोचते, ताई. नहेम्या राजाला द्राक्षारस देण्याच्या कामावर होता. राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी तेवढ्यात त्याने उभ्याउभ्या देवाला विनंती केली. ना गुडघे टेकले, ना डोळे मिटले. ती विनंती ऐकली गेली, यरुशलेमेचा कोट उभा राहिला. जो कोणी हजेरी घेतो, त्याला माझा निरोप द्या : उद्या पहाटे तुमच्याबरोबर विहिरीवर यावे आणि दुसरा हंडा उचलावा.