हाताने पारखलेले ज्ञान

माध्यमिक शाळेतील मुलामुलींसाठी उन्हाळी सुट्टीत जी अभियांत्रिकीची शिबिरे भरतात, ज्यांत मुले करवत, कानस, ड्रिल हाती घेऊन प्रत्यक्ष वस्तू तयार करतात, त्यांचे समर्थन बहुधा एकाच वाक्यात आटोपते: वर्गात शिकलेल्या ज्ञानाचे येथे उपयोजन होते. या वाक्यात एक तात्त्विक गृहीतक दडलेले आहे. ज्ञान वर्गातच पूर्ण होते, हात त्यानंतर कामाला लागतात, आणि म्हणून शिबिर हे शिक्षणाचे परिशिष्ट होय, असे ते गृहीतक आहे. ते एकदा मान्य केले की दहावीच्या वर्षी पहिली कात्री शिबिरावरच चालते, आणि ती चालवणाऱ्या पालकांना दोष देता येत नाही. परिशिष्ट वगळूनही पुस्तक वाचता येतेच. तेव्हा विचार करायला हवा तो ज्ञान कशाला म्हणावे आणि ते खरे आहे हे कशावरून ठरावे, या ज्ञानमीमांसेच्या मूळ प्रश्नाचा.

या प्रश्नाला न्यायदर्शनाने दिलेले उत्तर कार्यशाळेच्या फार जवळचे आहे. प्रमाणाने, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनाने, वस्तू जाणून घेतल्यावर माणूस जी कृती करतो ती सफल होते आणि त्या साफल्यामुळेच प्रमाणाला अर्थ येतो, या विचारानेच वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचा आरंभ होतो. कृतीच्या या सफलतेला नैयायिक प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. दूरवर पाणी दिसले, हे ज्ञान झाले. ते पाणी होते की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागल्यावर ठरते. मीमांसकांना हे मान्य नव्हते. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि त्याला बाधक असे दुसरे ज्ञान उद्भवेपर्यंत बाहेरच्या साक्षीची गरज नसते. एका ज्ञानाची सत्यता दुसऱ्याने तपासायची तर दुसऱ्याची तिसऱ्याने तपासावी लागेल आणि ही साखळी कोठेच थांबणार नाही. या दोषाला अनवस्था असे नाव आहे. आक्षेप तर्काच्या दृष्टीने भक्कम आहे, परंतु त्यामागे अपौरुषेय वेदाचे प्रामाण्य राखण्याची निकड होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. पाठ्यपुस्तकातले विधान शाळकरी मुलाच्या पदरी असेच पडते: ते छापलेले आहे, परीक्षेत विचारले जाते, आणि त्याला बाधा आणू शकेल असे काही वर्गात घडतच नाही.

ते घडावे अशी रचना महाराष्ट्रात ज्या ठिकाणी जाणीवपूर्वक केली गेली, त्यांत पाबळचा विचार अग्रक्रमाने करावा लागतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८-२००३) यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील पद सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून आकाराला आलेल्या आणि ‘आयबीटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चारही शाखांत काम करतात. तयार झालेली वस्तू किंवा सेवा गावाच्या उपयोगी पडावी, असा कलबागांचा आग्रह होता. मुलांनी केलेल्या बाकावर कोणीतरी खरोखर बसणार असते, आणि हा आग्रह शैक्षणिक सोयीपेक्षा अधिक खोल आहे, कारण त्यामुळे ज्ञानाच्या परीक्षेचा अधिकार शिक्षकाकडून वस्तूकडे जातो.

याचे एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. बाकाची चौकट करण्यासाठी लोखंडी अँगलचे चार तुकडे विद्यार्थी अचूक मापाने कापतो, गुण्या लावून कोपरा काटकोनात धरतो आणि पहिलाच सांधा एका दमात पूर्ण वेल्ड करून टाकतो. सांधा थंड होतो तसा वितळून भरलेला धातू आकसतो, अँगलला आपल्याकडे ओढतो, आणि चौकट गुण्यातून जाते. दोन्ही कर्ण मोजले तर त्यांत फरक निघतो. तापल्यावर धातू प्रसरण पावतात आणि निवल्यावर आकुंचन पावतात, हे वाक्य त्याला तोंडपाठ होते. आता त्याच वाक्याने त्याचे काम बिघडवलेले असते, आणि पुढच्या वेळी तो आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारतो, कर्ण जुळवतो, मग आलटून पालटून समोरासमोरचे सांधे भरतो. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या ज्ञानात वाक्य तेच आहे. तरीही पहिल्या वेळी ते ज्ञान त्याचे होते, असे म्हणणे कठीण आहे.

येथे नैयायिकांनी केलेला आणखी एक भेद उपयोगी पडतो. वाचस्पती मिश्रांसारख्या उत्तरकालीन नैयायिकांनी अनवस्थेच्या आक्षेपाला उत्तर देताना ज्ञात्याच्या दोन अवस्था मानल्या. अनभ्यासदशेत, म्हणजे विषय नवा असताना, ज्ञानाची सत्यता कृतीच्या साफल्यावरूनच कळते. अभ्यासदशेत, म्हणजे वारंवारच्या परिचयानंतर, हे ज्ञान पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानांच्याच जातीचे आहे, असे ओळखता येते आणि प्रत्येक वेळी परीक्षा घ्यावी लागत नाही. मुरलेला वेल्डर यंत्राच्या काट्याकडे न पाहता करंट कमी आहे की जास्त हे सांगतो, कारण कमी करंटला रॉड चिकटू लागतो, जास्त झाला तर पातळ पत्र्याला भोक पडते, आणि बरोबर असेल तेव्हा तेलात काही एकसारखे तळत असल्यासारखा आवाज येत राहतो. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात एखादी गोष्ट अमुक आहे हे माहीत असणे आणि ती करता येणे यांत जो फरक केला, त्याहून नैयायिकांची मांडणी या बाबतीत अधिक समाधानकारक वाटते, कारण कारागिराचे कौशल्य ती ज्ञानाहून वेगळ्या कप्प्यात टाकत नाही. तिच्या दृष्टीने कारागीर हा अभ्यासदशेला पोचलेला ज्ञाता ठरतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप अद्वैत वेदान्ताकडून येऊ शकतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कर्म आणि ज्ञान यांत स्पष्ट रेषा आखली: कर्म हे पुरुषतंत्र, म्हणजे करणाऱ्याच्या अधीन असते, ते करावे, न करावे, वेगळ्या रीतीने करावे, ही मोकळीक त्याला असते. ज्ञान मात्र वस्तुतंत्र आहे. वस्तू जशी आहे तशीच ती जाणली जाते आणि तेथे जाणणाऱ्याची इच्छा चालत नाही. या भेदाचा आधार घेऊन हातकामाला ज्ञानाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले जाते. परंतु कार्यशाळेतील अनुभव पाहिला तर हाच भेद हातकामाच्या बाजूने उभा राहतो. चौकट किती लांब करावी, तिला किती पाय द्यावेत, हे मुलाच्या इच्छेवर आहे. आकसणारा सांधा त्याच्या इच्छेला जुमानत नाही. आपल्या मनासारखे न होणाऱ्या वस्तूशी अशी गाठ पडणे ही अहंकार झिजवणारी साधना आहे, आणि वर्गात ती क्वचितच घडते, कारण तेथे चूक दाखवणारा माणूसच असतो, त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला पटवता येते, प्रसंगी त्याची मर्जीही राखता येते.

हात आणि बुद्धी यांची ताटातूट मात्र केवळ दर्शनांनी घडवली नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ पासून प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या देशातील प्रयोगशील वृत्तीच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण जातिव्यवस्था हे दिले: धातू, चामडे, माती यांना हात लावणारे वर्ग विद्येपासून तोडले गेले आणि विद्या बाळगणाऱ्यांनी हात मळवून घेणे सोडले. गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी यांच्या परंपरेने काम करणाऱ्या माणसाला देवाच्या दारी सन्मान दिला, आणि तो सन्मान मोलाचा आहे. तथापि मडके घडवणारा हात मातीविषयी पंडितापेक्षा अधिक जाणतो, असा ज्ञानविषयक दावा त्या परंपरेतून उभा राहिला नाही. शिक्षणात हाताला स्थान देण्याचा प्रयत्न १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नई तालीमने केला. त्यावरची शंकाही तितकीच खरी आहे. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वर्षभरापूर्वीच दाखवून दिले होते, आणि गरिबाच्या मुलाला सुतारकाम व श्रीमंताच्या मुलाला गणित अशी वाटणी शाळेनेच केली तर हस्तोद्योग हे जातीचेच नवे रूप होईल. पाबळच्या अभ्यासक्रमात एकच मूल वेल्डिंगही करते आणि रक्तगटही तपासते. त्यामुळे कोणताही एक धंदा त्याच्या कपाळी लिहिला जात नाही. या शंकेला आजवर मिळालेल्या उत्तरांत हे सर्वांत प्रामाणिक म्हणावे लागेल.

शहरात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. उदाहरणार्थ, मुंबईजवळच्या भाईंदर पूर्वेचा केबिन रोड हा दाट इमारतींचा भाग, आणि त्याच पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात: पत्र्याचे गोल कापले जातात, प्रेसखाली त्यांना खोली येते, कडा दुमडल्या जातात आणि शेवटी बफवर चकाकी चढते. या परिसरातील मुलासाठी सुट्टीतले शिबिर भरले तर ते बहुधा तयार जोडसंचांचे असते, ज्यातला प्रत्येक भाग दुसऱ्यात बसावा म्हणूनच बनवलेला असतो. अशा संचात वस्तुतंत्रतेचा अनुभव जवळजवळ उरत नाही. उलट गाळ्यात तो पदोपदी आहे, पण तेथे मुलाला पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोकादायक कामास कायद्याने बंदी आहे, आणि बफची धूळ किंवा प्रेसचा जबडा पाहिलेल्या कोणालाही त्या बंदीचे कारण समजावून सांगावे लागत नाही. शिक्षण आणि मजुरी यांतला फरक केवळ वयाचा किंवा वेळेचा नाही. चूक कोणाच्या मालकीची, यात तो आहे. मजुराने वाया घालवलेला पत्रा मालकाचे नुकसान असते आणि त्याची भरपाई मजुरीतून होते. शिबिरात वाया गेलेला पत्रा शिकणाऱ्याचा असतो, तो समोर ठेवून का बिघडले याचा शोध घेता येतो, आणि त्या शोधालाच नैयायिक परीक्षा म्हणतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे, ज्यात मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे अशी अपेक्षा आहे. भाईंदरमध्ये या यादीत भांडी घडवणारा कारागीर यायला हवा, आणि तोही शाळेच्या आवारात, मुलांच्या हाताला झेपतील अशी अवजारे घेऊन, शिक्षकाइतक्याच मानधनावर आणि त्याच मानाने. कारण अभ्यासदशेतला ज्ञाता समोर असल्याखेरीज अनभ्यासदशेतल्या मुलाला आपली चूक कोणत्या जातीची आहे, हे ओळखता येत नाही. बिघडलेली कड हातात घेऊन ‘पत्रा कमी पडला की दाब जास्त झाला’ असे विचारणारा माणूस तेथे असावा लागतो.